बिनधडाची बाई

आक्काबाईनं दोरीवरून हात लांब करून चांगुणाच्या तोंडावरून ओवाळला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली.

"जेवतीस कशी गं माझे बाई?"

"वाऱ्यावर जगती, आजी," परातीतलं मुंडकं म्हणालं. "देवीचा शाप हाय मला."

आक्काबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

गावात रंगीत टीव्ही आले होते, केबलही आली होती, तरी कोल्हारच्या जत्रेत उत्तमरावाच्या आरसेमहालाइतकी गर्दी मोठ्या पाळण्यालाही नव्हती. तंबूत शिरलं की आधी वाकडेतिकडे आरसे. त्यांत काटकुळा माणूस भोपळा होई आणि भोपळ्याची काडी. कुणी जीभ काढून बघे, कुणी बायकोला ओढून आणून तिचंच ध्यान तिला दाखवी. हसून पोट दुखलं की सगळ्यात शेवटी ही. टेबल, टेबलावर पितळी परात, परातीत बाईचं मुंडकं आणि टेबलाखाली काहीच नाही.

निदान दिसायला काही नव्हतं. टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरके बसवले होते. त्यांत बाजूचा काळा पडदा दिसे आणि लोक त्यालाच मोकळी जागा समजत. आरशांमागे चांगुणा गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असे. परात मधोमध कापलेली होती. ती मानेभोवती जुळवून मागून कडी घातली, की उत्तमरावानं सोडवेपर्यंत हलायची सोय नाही. चांगुणाची त्याबद्दल तक्रार नव्हती. नवऱ्याच्या घरातून पळाल्यापासून तिला ही एवढीच जागा अशी मिळाली होती, जिथं तिची पाठ कुणाला दिसत नव्हती. न दिसणाऱ्या पाठीवर काठी कोण घालणार?

त्या वाकड्या आरशांसमोरून एक माणूस न हसता पुढे आला. चांगुणानं त्याला ओळखलं. राहात्याचा रंगनाथ. तिचा नवरा. तिनं आतल्या आत हात मागे वळवून पाहिला, पण कडी बाहेरून होती.

"विचारा, काय बी विचारा!" उत्तमराव ओरडत होता. "मुंडकं समद्याचं उत्तर देतंय!"

रंगनाथ दोरीला टेकला. "नवरा कुठं हाय तुझा?"

लोक खो खो हसले.

"मला नवरा न्हाई," चांगुणा म्हणाली.

रंगनाथनं दोरी ओलांडली आणि तिच्या मुस्काटात मारली. मार चुकवायला माणूस मान फिरवतो, हात आडवा धरतो. परातीतल्या मुंडक्याला तेही जमेना. दुसऱ्या फटक्याला परातीची धार मानेत घुसली आणि परातीत रक्ताचे थेंब पडले.

तोवर काहींना हा खेळच वाटत होता. रक्त बघून आक्काबाई किंचाळली.

"ए मुडद्या! देवीच्या शापाची हाय ती! हात झडतील तुझे!"

गावचा पैलवान भीमा पुढे झाला. त्यानं रंगनाथला मागून कवळा घालून उचलला आणि जमिनीवर आपटला. मग काय, ज्याला त्याला चेव आला. कुणी लाथ घातली, कुणी पायातली वहाण काढली.

"बिनधडाच्या बाईवर हात टाकतो व्हय रं?" भीमानं त्याच्या नाकावर ठोसा मारला. नाक फुटलं.

चांगुणा बघत राहिली. तिच्यासाठी कुणीतरी तिच्या नवऱ्याला मारत होतं. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं, फार बरं वाटलं.

"मारा," ती म्हणाली. "अजून मारा त्याला."

रंगनाथ उताणा पडला होता, टेबलाच्या पायाशीच. तोंडातलं रक्त थुंकून त्यानं दोन्ही पाय जवळ घेतले.

"धड न्हाई म्हनता? ह्ये बघा!"

लाथ आरशावर बसली. काचा खळाखळा गळून पडल्या. आत हिरवं लुगडं होतं, पोटाशी आवळलेले गुडघे होते, काचांनी चिरलेली पावलं होती आणि दोन हात होते.

भीमाची उगारलेली मूठ खाली आली.

"कोन हाय ही तुझी?"

"बायकू," रंगनाथ म्हणाला. "लग्नाची बायकू हाय माझी. पळून आली."

भीमानं त्याला हात देऊन उठवलं. त्याच्या सदऱ्याची धूळ झटकली.

"आदी सांगायचं न्हाई का मर्दा?"

मग कुणीतरी "फसवतो व्हय आमाला!" म्हणून बोंब ठोकली आणि सगळे उत्तमरावावर तुटून पडले. तंबूचे बांबू उपटून त्यांनी त्याला झोडपला. वाकडे आरसे एकेक करून फोडले. तो पाया पडत होता, पण कुणी ऐकेना. लोकांचा राग खरा होता. शापाची म्हणून हळहळावं आणि निघावी चांगली आख्खी बाई!

रंगनाथनं मागची कडी काढली. चांगुणाचे केस मनगटाला गुंडाळून त्यानं तिला काचांवरून बाहेर ओढलं. तिनं समोर दिसलेला पदर दोन्ही हातांनी धरला. पदर आक्काबाईचा होता.

"आजी, मारून टाकंल ह्यो मला. खरंच टाकंल. सोडू नका मला."

आक्काबाईनं तिच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग तिची बोटं एकेक करून पदरावरून सोडवली.

"हातपाय चांगले हायेत की," ती म्हणाली. "मंग नांदायला काय झालं तुला?"