फायटिंगचं म्युझिक

लातूरच्या कॉलेजात वर्षाराणीला प्रोजेक्ट मिळाला: पिक्चरमध्ये म्युझिक कशाला लागतं? तिनं शेजारच्या नीलाकाकूला विचारलं. काकू सुजलेल्या ओठानं हसली.

"वरडणं झाकायला, बाई. तुझे काका मला हाणायच्या आधी टीव्हीचा आवाज वाढवतेत."

वर्षाराणीचा पेन तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं फायटिंगचं म्युझिक दणाणलं, तशी ती पळतच गेली. काका पलंगाखाली घुसून बोंबलत होते, नुसते पाय बाहेर होते. काकूच्या एका हातात रिमोट, दुसऱ्यात धुण्याचं धोपाटणं.

"बाहेर काय ऐकू येतंय का गं?"

"न्हाई काकू, नुसतं म्युझिक." वर्षाराणीनं दार आतून लावलं. "तो रिमोट द्या माझ्याकडं. तुमचे दोन्ही हात मोकळे पायजेत."