पंख्याचा आवाज

शाळेतून फोन आला तेव्हा स्टेनो जेवायला बसायच्या बेतात होता. पलीकडून शिपाई बोलत होता. मोठ्या बाई जिन्यात बसल्या, म्हणाला, आणि उठल्याच नाहीत. स्टेनोने विचारलं, पाणी दिलं का? शिपाई रडायला लागला.

कोर्टात साक्षी उतरवून घेण्यात त्याची सगळी हयात गेली होती. निवृत्त झाला तरी सगळे त्याला स्टेनोच म्हणत. बायको प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका, म्हणून मोठ्या बाई.

पन्नाशी उलटल्यावर तिने शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायला घेतली होती. नोकरी सांभाळून, आपल्याच कामातला प्रश्न घेऊन करायची असते तसली. चांगल्या शिक्षिका शाळा सोडून का जातात, हा तिचा प्रश्न. सोडून गेलेल्या बारा जणींशी बोलायचं ठरलं होतं. आता या वयात कशाला, असं मुलीने विचारलं, तर म्हणाली, तुझ्या बाबांना कोणीतरी कामाला लावायला हवं ना.

आणि लावलं. ती मुलाखत घेऊन यायची, रेकॉर्डर टेबलावर ठेवायची. तो कानाला लावून टाइप करायचा. ती पानं तपासायची, मग त्याच्या देखत रेकॉर्डरवरचं पुसून टाकायची आणि चहा ठेवायची. बोलणाऱ्या प्रत्येकीला तिने तसं लिहून दिलं होतं. ऐकू आम्ही दोघंच, मी आणि माझे यजमान. कागदावर आलं की आवाज ठेवणार नाही, त्याची दुसरी प्रत काढणार नाही. पुसताना ती दर वेळी म्हणायची, "झालं. दिला शब्द पाळला."

अशा अकरा झाल्या. बारावी तिने आदल्या संध्याकाळी घेतली होती. फोन आला तेव्हा रेकॉर्डर टेबलावरच होता.

शाळेने शोकसभा ठेवली. तिथे दाखवायला काहीतरी हवं म्हणून मुलीने सगळ्यांचे मोबाइल धुंडाळले. फोटो ढीगभर निघाले. बोलतानाचा व्हिडिओ एकही नाही. दिवसभर शाळा डोक्यावर घेणारी बाई कॅमेरा दिसला की तोंडाला कुलूप लावायची, असं एक शिक्षिका म्हणाली. सगळे हसले. मुलगी बाहेर जाऊन उभी राहिली.

महिन्याभराने मोठ्या बाईंच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडम घरी आल्या. वयाने बाईंपेक्षा लहान. त्या म्हणाल्या, प्रबंध जवळजवळ झालेला आहे, तिच्या टिपणांवरून शेवटचं प्रकरण मी बांधून देते. मरणोत्तर पदवी मिळू शकते. फक्त बारावी मुलाखत कागदावर यायला हवी.

मुलीने अकरावर भागवता येईल का विचारलं. मॅडम म्हणाल्या, नाही. बाकीच्या गेल्या त्या गेल्या. ही एकटी परत शिकवायला आली. सगळं शेवटचं प्रकरण तिच्यावर उभं आहे.

"कुठवर आलंय, काका?"

"पंखा चालू असणार तिथे," स्टेनो म्हणाला. "नुसती घरघर आहे. शब्द लागत नाहीत."

मॅडमनी मुदत वाढवून आणली. मुलीने चांगले महागातले हेडफोन आणले. मग ती त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. घरी येताना स्टेनोने तिला दोनदा ऐकवलं, "वयाच्या मानाने म्हणाले ते."

एकदा तिने सरळ रेकॉर्डरलाच हात घातला. मी ऐकते, म्हणाली, माझे कान तरणे आहेत. त्याने हात धरला.

"तुझं नाव नाही त्या कागदात."

"आई गेली, बाबा. आता कागद कसले धरून बसलात?"

"शब्द तिने दिलाय. तो नाही गेला."

मुलगी दाराकडे निघाली. आईच्या नावामागे डॉक्टर लागलेलं बघायचं आहे, एवढंच ती दारातून म्हणाली. शाळेने नव्या वाचनालयावर पाटी लावायचं ठरवलं होतं. नाव कसं लिहायचं, याच्यासाठी रंगारी थांबला होता.

मुदत पुन्हा वाढली आणि पुन्हा संपली. काल संध्याकाळी मॅडम आल्या त्या बसल्याच नाहीत.

"उद्या समितीची बैठक आहे. पानं आणि रेकॉर्डर, दोन्ही घेऊन या. पुसल्याची नोंद मी तुमच्यासमोर करते. उद्या नाही आलं तर फाईल बंद होईल, काका. मग माझ्या हातात काही नाही."

त्याने टेबलाकडे पाहिलं. "पंखा फार आहे हो," तो म्हणाला.

मुलीला राहवलं नाही. "चार वकील एकदम भांडायचे ते तुम्ही बिनचूक उतरवायचात. सांगत होतात ना अभिमानाने? एका पंख्यापुढे हात टेकलेत?"

 ती मॅडमना सोडायला खाली गेली. तिकडूनच घरी जाते, म्हणाली.

स्टेनोने दार लावलं. हात धुऊन कोरडे केले. टेबलाच्या खालच्या खणातून टाइप केलेली पानं काढली. पहिल्या आठवड्यातच झाली होती ती, एकही चूक नव्हती. हेडफोन लावून त्याने रेकॉर्डर सुरू केला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"आधी तो पंखा बंद करू या हं," मोठ्या बाई म्हणाल्या. "आमच्या घरी एक टायपिस्ट आहेत. त्यांना नीट ऐकू यायला हवं."

पानं द्यायची राहिली आहेत.