घरचा कारागीर

तपासनिसांनी तिजोरीची मूठ ओढून पाहिली, स्वतःबरोबर आणलेले वजन तराजूत टाकून काटा स्थिरावेपर्यंत श्वास रोखून धरला, आणि मग खुर्चीवर ऐसपैस बसत म्हणाले, "दुकान देखणं आहे. आता कारागिरांचं सांगा."

समोर तरुण मालक उभा होता. मालक म्हणायचे ते नावापुरते. सोन्याचांदीचा आणि खड्यांचा व्यवहार करण्याचा परवाना हाती पडेपर्यंत त्याला साधे वळेसुद्धा विकता येणार नव्हते आणि आजची तपासणी शेवटची होती. मधल्या पडद्यामागून कानशीचा आवाज येत होता, मंद, एका लयीत, गाढ झोपेतल्या श्वासासारखा. तिथे वडील काम करीत बसले होते.

कारागीर एकच आहे, त्याने सांगितले. बाहेर पडताना त्याची झडती होते का, असे तपासनिसांनी विचारले. होते, असे तो म्हणून गेला. ते खोटे इतके सहज निघाले की त्याचे त्यालाच नवल वाटले.

तपासनीस गप्पिष्ट होते. नुकताच एकाचा अर्ज त्यांनी परत पाठवला होता. त्या दुकानात मालकाचा मेहुणाच कारागीर होता. "मलाच विचारतो, घरच्या माणसाची झडती कोण घेतो? म्हटलं, म्हणजे घरचे तेवढे साव आणि बाहेरचे सगळे चोर? मग परवानाही घरीच छापून घ्या." स्वतःच्या विनोदावर ते खुशीत हसले. तरुण मालकही हसला, जरुरीपेक्षा थोडे जास्तच.

"तुमचा कोण? घरचा की बाहेरचा?"

कानस थांबली. पडदा पातळ होता.

"बाहेरचा," तो म्हणाला.

"बोलवा मग. झडती कशी घेता, बघू."

हाक मारण्यासाठी त्याने तोंड उघडले आणि त्याच्या ध्यानात आले की पडद्यामागच्या माणसाला हाक मारायला आपल्यापाशी एकच शब्द आहे. तो पडद्यापर्यंत गेला आणि नुसताच खाकरला.

वडील बाहेर आले. दाराजवळच्या परातीतल्या पाण्यात त्यांनी हात बुडवले, नखे घासली, एकही थेंब बाहेर पडणार नाही अशा बेताने हात निथळवले. त्या पाण्याच्या तळाशी सोन्याचा कीस साठतो. मग दारापाशी जाऊन त्यांनी दोन्ही हात वर केले. दुकान भाड्याने घेतले त्या पहिल्या संध्याकाळीही ते असेच उभे राहिले होते. सारा जन्म दुसऱ्याच्या पेढीवर काढलेल्या देहाची ती सवय होती. तेव्हा त्याने हसत हसत त्यांचे मनगट धरून हात खाली आणले होते आणि म्हटले होते, "बाबा, हे आपलं दुकान आहे. इथं तुम्हाला कोणी हात लावणार नाही."

आज ते हात वरच राहिले.

त्याने सदऱ्यावरून हात फिरवला, धूळ झटकावी तसा.

"गोंजारताय काय?" तपासनीस म्हणाले. "झडती घ्या."

मग त्याने खिसे उलटे केले. रुमाल निघाला, चष्म्याचे घर निघाले, घराची किल्ली निघाली. तिची जोडीदार त्याच्या स्वतःच्या खिशात होती. एकेक वस्तू त्याने काउंटरच्या काचेवर मांडली. बाह्यांच्या दुमडी उलगडल्या, कॉलरखाली बोट घातले, कमरेचा पट्टा चाचपला. बोटांना फासळ्या लागल्या. वडील इतके हलके झाले आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. लहानपण सरल्यावर त्यांना असे जवळून शिवण्याची वेळच आली नव्हती. त्यांच्या चपला उचलून त्याने उलट्या करून झटकल्या आणि पुन्हा त्यांच्या पायांपाशी सरळ ठेवल्या. वडील त्याच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे पाहत होते. ओळख नसलेल्या माणसाकडे पाहणे टाळावे, तितक्या कटाक्षाने.

"ठीक आहे," असे म्हणून तपासनिसांनी पेनाचे टोपण काढले आणि कागद पुढे ओढला.

त्याने रुमाल, चष्म्याचे घर, किल्ली पुन्हा वडिलांच्या खिशात ठेवली. त्यांचे हात अजून वरच होते.

"झालं," तो हलकेच म्हणाला.

"शेठ," वडील म्हणाले, "तोंड राहिलं."

स्वरात राग नव्हता. उलट, साहेबांच्या नजरेला काही उणे पडू नये, अशी त्यात घाई होती. त्यांनी तोंड उघडले, जीभ टाळूला लावली आणि आत नीट दिसावे म्हणून मान उजेडाकडे वळवली.

तो लहान असताना, रोज संध्याकाळी पेढीवरून परतून घरात पाऊल टाकल्यावर वडील कोणाशीही एक अक्षर न बोलता आधी मोरीवर जात आणि कितीतरी वेळ खळखळून चुळा भरत. आई तोवर पदराआड हसे आणि म्हणे, "राजेसाहेबांचं तोंड धुऊन होऊ दे, मग बोल."

तपासनिसांचे पेन सहीच्या जागेवर थांबले होते.

तो त्या उघड्या तोंडाकडे वाकला.