किंजलचे सत्तावीस शब्द

निमेशने फुग्याची चेन ओढली आणि काशीबाई नातीला, किंजलला घेऊन आत बंद झाल्या. आज चाळिसावा दिवस. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्यांची सून दीपिका मांडीवर तक्ता घेऊन बसली होती. एसी चालू असूनही तिने भिंतीवरचा पंखा लावला होता.

बोईसरला ब्यूटी पार्लरच्या वरच्या मजल्यावर निमेशचं हे ऑक्सिजन सेंटर. फुगा म्हणजे जाड निळ्या कापडाची लांबोळकी खोली. आत दाबाने हवा भरायची आणि नाकावर ऑक्सिजनचा मास्क लावून तासभर बसायचं. ऑटिझमची मुलं याने बोलू लागतात, असं निमेशच्या भिंतीवर लिहिलं होतं. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी तसा काही पुरावा नाही म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. पण काशीबाईंच्या एका गिऱ्हाइकाच्या नणंदेचा मुलगा याच फुग्यातून बाहेर येऊन 'पाणी' म्हणाला होता. डॉक्टरीणबाईंकडे असा मुलगा नव्हता.

काशीबाई समुद्राकाठच्या घिवली गावच्या. सुके बोंबील विकून तीन मुलं वाढवलेली बाई. बाजारात त्यांनी भाव पुकारला की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळायचं. अशा बाईची नात सहा वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नाही, हे त्यांना घराण्याची बदनामी झाल्यासारखं वाटे. त्यांनी सौदा ठरवून टाकला. चाळीस दिवस फुगा, त्यात दहा शब्द. नाही जमलं तर किंजल वसईला, अशा मुलांच्या वसतिगृहात; जागा सांगून ठेवलेली. किंजलचा बाप भर समुद्रात वाऱ्याशी भांडायचा, आईशी नाही.

खरं तर आत दीपिकाच बसायची होती. पण पहिल्याच दिवशी तिच्या कानात दडे बसले, जीव घाबरला आणि तिने आतून धडाधडा थापा मारल्या. मग काशीबाई पुढे झाल्या. ऑक्सिजन पेटेल म्हणून आत फोन नको, डोक्याला तेल नको. तेलावाचून केस म्हणजे त्यांना भर बाजारात उघडं उभं केल्यासारखं वाटलं, पण त्या बसल्या. मागून आत जाणाऱ्याने बोंबलाच्या वासाची तक्रार केली, तेव्हा निमेशने त्यांचा नंबर शेवटचा लावला. आत पंपाची घरघर एवढी, की बोललेलं ऐकू जात नसे. घिवलीतला सगळ्यात मोठा आवाज रोज एक तास गप्प बसू लागला. दीपिकाने सुरुवातीला गोल काचेतून डोकावून पाहिलं. सासू हातवारे करून नातीला दम देत होती. पुढे दीपिकाने पाहणं सोडलं. तिला लिहायचं काम होतं.

तक्ता इंग्रजीत होता. रोज मुलीत काय फरक पडला ते लिहायचं आणि संध्याकाळी सासूला वाचून दाखवायचं. आठ दिवस दीपिकाने इमानाने 'काही नाही' लिहिलं. सासूचा चेहरा रोज थोडा थोडा उतरत गेला. नवव्या दिवशी हाताने आपोआप लिहिलं, 'आई म्हणाली.' मग 'दे'. मग 'मासा'. किंजल जे काही बोलायची, ते नेमकं काशीबाई पहाटे बाजाराला गेल्यावरच बोलायची. सासूने मागितले दहा, सुनेने दिले सत्तावीस. आणि बोंबलाच्या एका काडीवरून तासभर घासाघीस करणारी बाई एकाही शब्दावर हटकत नव्हती. दीपिकाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

चेन उघडली. काशीबाई केस सावरत बाहेर आल्या, मागून किंजल. निमेश फोन उगारून तयारच होता. सत्तावीस शब्दांची मुलगी म्हणजे त्याच्या सेंटरची इज्जत. एक छोटा व्हिडिओ तर पाहिजेच. एकच शब्द बोल बेटा, मासा बोल, म्हणून तो किंजलच्या तोंडापुढे वाकला.

किंजलने आजीचं मनगट धरलं आणि तिचा तळवा आपल्या कानावर दाबून घेतला.

"पंखा बंद कर," काशीबाई म्हणाल्या. "खडखडतो तो. तिला सोसत नाय."

निमेशने बंद केला. किंजलने आजीचा हात सोडला.

"आनि फोन ठेव. पोर एक अक्षर बोलत नाय."

निमेशने दीपिकाच्या हातातला तक्ता ओढून पुढे केला. हे काय मग, सत्तावीस शब्द, सुनेच्याच अक्षरात. काशीबाईंनी त्याच्या हातातून तक्ता काढून घेतला, घडी घालून कमरेला खोचला आणि नातीला घेऊन जिना उतरू लागल्या.

मधल्या पायरीवर दीपिकाने विचारलं, "आई, वसईला कधी न्यायचं हिला?"

"वसईला? त्यांना मी नको म्हनून सांगितलं. झाले पंधरा-वीस दिवस. फुग्यात त्या घरघरीत रोज माझा हात कानावर दाबून बसायची ही, तवाच कळली मला पोर."

दीपिका तिथेच पायरीवर बसली. "मग मला का नाही सांगितलंत? मी रोज खोटं लिहीत होते."

"ठावं हाय. शिळा मासा ताजा म्हनून विकनारीचा आवाज मला कळत नाय का?" काशीबाई तिच्या शेजारी टेकल्या. किंजलला त्यांनी दोघींच्या मधे घेतलं, कमरेचा तक्ता काढला आणि सुनेच्या हातात दिला. "पन आयकाला गोड वाटायचं. आज काय बोलली ती? वाच बघू."