मडकं भरलेलंच

"भज्जी गार झाली, तरी ह्यांचा फेटाच बसंना," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. जहागीर खालसा झाल्यानंतरची ही पहिली वेळ अमावस्या, रानात पूजा करून भाज्या-डाळींची भज्जी अन् आंबील जेवायचा सण. रान ते कसणाऱ्या मल्लिनाथला मिळालं होतं, पण आमच्या घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. सवयीनं त्यानं जेवायला बोलावलं, सवयीनं आम्ही आलो. मालकानं रानाभोवती आंबील शिंपायची, मगच पंगत बसायची. मल्लिनाथनं आंबिलीचं मडकं उचललं, क्षणभर घुटमळला अन् दरवर्षीसारखं मामंजींपुढं धरलं. मामंजी बांधाबांधानं निघाले. ज्वारीच्या कणसांवरून त्यांचा फेटा तेवढा सरकताना दिसत होता. परतले, तेव्हा मडकं काठोकाठ भरलेलंच होतं. ते मल्लिनाथच्या हाती देऊन, जन्मभर त्याला 'अरे मल्ल्या' म्हणत आलेले मामंजी खालच्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्याच्या रानात आम्ही कसं शिंपावं? फेरा तुम्ही मारा, मालक."