साठ मैलांवरची लायब्ररी

डेलमार कुचेराने ओंजळभर चिखल घेतला आणि स्वतःच्याच पिकअपच्या मागच्या बंपरला फासला. 'माझ्या आणि माझ्या डॉक्टरच्या मध्ये सरकार नको' असं त्यावर ठळक अक्षरांत चिकटवलेलं होतं. साठ मैल गाडी हाकून तो या परक्या काउंटीच्या लायब्ररीत सरकारने सक्तीचा केलेला आरोग्य विमा काढायला आला होता. लायब्ररीत त्याचे अर्ज भरून देत, आणि आज शेवटचा दिवस होता.

गावातल्या कॅफेत रोज सकाळी सहाला जमणाऱ्या तिघांच्या टोळक्याचा तो म्होरक्या. कॉफीचं बिल कोणी भरायचं ते फाशांवर ठरे. सरकारला शिव्या कोणी द्यायच्या ते ठरवावं लागत नसे. "आज विमा घ्या म्हणतात, उद्या न्याहारीला काय खायचं तेही सांगतील," हे डेलमारचं वाक्य एमिल आणि लव्हर्नला तोंडपाठ होतं. बायको व्हर्ला हिवाळ्याच्या सुरुवातीला विम्यासाठी मागे लागली, तेव्हा त्याने तिला बजावलं होतं, "या घरात असल्या कागदावर सही होणार नाही." मग तिने तो विषय सोडून दिला.

पण फेब्रुवारीत पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीचा पंप उचलताना त्याच्या पोटात काहीतरी फाटलं. हर्निया. तो शर्टाखाली पट्टा बांधून हिंडत होता आणि व्हर्लालाही त्याने पत्ता लागू दिला नव्हता. ऑपरेशनशिवाय शिडी चढणं शक्य नव्हतं, आणि पवनचक्क्या दुरुस्त करण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. सरकारविषयीचं त्याचं मत तसूभर बदललं नव्हतं. पण हर्निया काही मत विचारत नाही. पंपाचा सुटा भाग आणतो असं घरी सांगून तो निघाला होता.

टोपी नाकापर्यंत ओढून तो आत शिरला. खुर्च्यांपाशी दोघंच थांबले होते. एकाने मासिकामागे तोंड लपवलं होतं, पण बूट एमिलचे होते. दुसरा भिंतीकडे वळून नकाशा वाचत होता. एवढी रुंद पाठ त्या मुलखात फक्त लव्हर्नची.

"पुस्तक बदलायला आलो होतो," एमिल मासिकाआडून म्हणाला.

"शाळा सुटल्यापासून पुस्तक धरलंयस का रे लेका हातात?"

"बरं. मग तू कशाला आलायस?"

डेलमारने टोपी काढून खुर्चीवर टाकली. आधी लव्हर्नची पाठ हलायला लागली, मग तिघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. डेलमारचं पोट दुखत होतं, तरी हसू थांबेना. कित्येक दिवसांत त्याला असं हलकं वाटलं नव्हतं.

आता आधी कोणी जायचं? एमिलने खिशातून फासे काढले. डेलमार हरला.

टेबलामागच्या मुलीने त्याचं नाव, पत्ता, जन्मतारीख टाइप केली आणि ती थबकली. "मिस्टर कुचेरा, तुमचा विमा जानेवारीपासून सुरू आहे की. तुमच्या बायकोने नाताळाआधीच काढलाय, तुम्हा दोघांचा."

व्हर्ला अंडी विकून जमवते ते पैसे हल्ली कुठे जातात ते डेलमारला आत्ता कळलं.

"व्हर्ला? एवढ्या लांब एकटी आली होती?"

"छे, तिघी एकाच गाडीतून आल्या होत्या," मुलगी म्हणाली. "मी विचारलं, तुमच्या गावात लायब्ररी नाही का? तर म्हणाल्या, आहे, पण तिथे कोणी पाहिलं तर कॅफेत आमच्या नवऱ्यांची मान खाली जाईल."