तोंड उघडलं नाही
धाकट्या नातीचं बारसं झालं, त्या सालापासून भाकरी चावताना शेवंताबाईचा जबडा कानापुढं कटकट वाजून दुखायचा. नवऱ्यानं, दगडूनं, बाजारातल्या दातवाल्याकडून तिच्या दोन चांगल्या दाढा उपटवल्या. दुखणं राहिलंच. दगडू गेला त्या सकाळी जबडा अडकला. तोंडात बोट शिरेना. बायांनी हंबरडा फोडला, ही गप्प बसली. “भाऊ गेला अन् हिनं तोंडसुद्धा उघडलं न्हाई,” नणंद चारचौघींत म्हणाली. संतापानं जबडा आणखीच आवळला. सुतकातच सुनेनं तिला नगरला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. “आजी, दाढांचा दोषच नव्हता. सांधा सरकलाय. चावताना दुखू लागलं, तेव्हाच यायचं,” म्हणत डॉक्टरांनी अंगठ्यांनी जबडा खाली ओढला. तोंड उघडताच ती रडत ओरडली, “धडक्या दाढा उपटायला लावल्यास, मेल्या, अन् न सांगता गेलास!” त्या दिवशी बुधवार होता. दगडू शनिवारी वारला होता.